कपाटातल्या मशीनने श्वास मोकळा होत नाही

अनेक घरांत हा अनुभव रोजचा असतो. रात्री घोरण्याचा आवाज चढत जातो आणि एकाएकी थांबतो. शेजारी झोपलेल्या पत्नीला जाग येते ती आवाजाने नव्हे, तर त्या शांततेने. ती कानोसा घेते. वीस-पंचवीस सेकंदांनी घुसमटल्यासारखा मोठा आवाज होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी नवऱ्याला यातले काहीच आठवत नाही. फक्त डोके जड असते, आणि दुपारी ऑफिसात किंवा गाडी चालवताना डोळे मिटू लागतात.

हा ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जिभेचा मागचा भाग आणि मऊ टाळू मागे सरकतात आणि श्वासाची वाट बंद होते. रक्तातील ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास सुटतो. किमान दहा सेकंद श्वास थांबला किंवा बराच मंदावला, तर ती एक घटना धरतात. तासाला अशा ५ ते १५ घटना म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३०च्या वर तीव्र आजार. उपचार न केल्यास उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात आणि वाहन अपघात यांचा धोका वाढतो. दिल्लीच्या ‘एम्स’मधील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतात कामकरी वयातील सुमारे १० कोटी ४० लाख लोकांना हा त्रास आहे.

यावरचा मुख्य उपचार म्हणजे ‘सीपॅप’ मशीन. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी तो शोधला आणि १९८१ मध्ये पाच रुग्णांवरील अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. तत्त्व साधे आहे. नाकावरच्या मास्कमधून हवा सतत ठरावीक दाबाने आत येते आणि घसा मिटू देत नाही. दाब योग्य असेल तर बहुतेकांचे घोरणे आणि श्वास अडणे पहिल्याच रात्री जवळपास थांबते.

अडचण पुढे येते. मास्कची कड टोचते, हवा गळते, नाक कोरडे पडते, काहींना कोंडल्यासारखे वाटते. ‘तोंडावर नळी लावून झोपायचे?’ हा संकोच असतोच. काही आठवड्यांत मशीन कपाटात जाते. सीपॅप आजार मुळापासून घालवत नाही. मास्क काढला की त्याच रात्री घसा पुन्हा मिटू लागतो. पहाटे दोनला मास्क काढून ठेवणाऱ्याची उरलेली रात्र उपचाराविना जाते.

दुसरा पर्याय दातांच्या डॉक्टरांकडे असतो. दातांच्या मापाने बनवलेल्या, वर-खाली बसणाऱ्या दोन पट्ट्या खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतात. जबड्याबरोबर जीभ पुढे येते आणि घशात जागा होते. जबडा किती पुढे घ्यायचा, हे काही आठवड्यांत हळूहळू ठरवतात. वीज लागत नाही, आवाज नाही, प्रवासात खिशात मावते. तोटेही आहेत. सुरुवातीला लाळ सुटते, जबडा दुखतो आणि काही वर्षांत दातांची ठेवण थोडी बदलू शकते. पुरेसे मजबूत दात नसतील किंवा हिरड्यांचा आजार असेल, तर हा मार्ग जमत नाही.

मग चांगले कोणते? सिडनीतच झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२६ रुग्णांना दोन्ही उपचार एकेक महिना देण्याचे ठरले. श्वास अडण्याच्या घटना सीपॅपने अधिक कमी झाल्या: तासाला सुमारे साडेचारपर्यंत, तर जबड्याच्या उपकरणाने अकरापर्यंत. पण रुग्णांच्या सांगण्यानुसार उपकरण रात्री सरासरी साडेसहा तास तोंडात राहिले आणि मास्क पाच तासांच्या थोडा वर. महिनाअखेर दिवसाची झोप आणि वाहन चालवण्याच्या चाचणीतील कामगिरी दोन्हींत जवळपास सारखी निघाली. मशीनची ताकद जास्त, पण कमी ताकदीचा उपाय जास्त तास वापरला गेला.

याचा अर्थ प्रत्येकाने उपकरणाकडे वळावे, असा नाही. आजार तीव्र असेल, ऑक्सिजन फार उतरत असेल, तर आधी सीपॅपच. मास्कचा आकार बदलणे, हवेत ओलावा देणारा ह्युमिडिफायर जोडणे, दाब पुन्हा तपासणे एवढ्यानेही अनेकांची तक्रार मिटते. ते करूनही जमत नसेल, किंवा आजार सौम्य-मध्यम असेल, तर उपकरणाचा विचार करता येतो.

दोन्ही एकत्र वापरण्याचीही सोय आहे. जबडा पुढे धरलेला असला की घसा उघडा ठेवायला हवेचा दाब कमी पुरतो, असे छोट्या अभ्यासांत दिसले आहे. दाब सहन न होणाऱ्यांना याचा उपयोग होऊ शकतो. काही जण घरी मशीन आणि गावी किंवा रेल्वेच्या प्रवासात उपकरण अशी वाटणी करतात. मात्र ही जोडी डॉक्टर आणि दंतवैद्य दोघांनी मिळून ठरवायची असते.

एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. उपकरण बसवल्यावर घोरणे थांबले म्हणजे ॲप्निया थांबलाच, असे नाही. आवाज गेला तरी श्वास अडत राहू शकतो. म्हणून उपकरण तोंडात ठेवून पुन्हा एकदा स्लीप स्टडी करावी लागते. तपासणीविना दुकानातून आणलेल्या तयार पट्टीने ही खात्री मिळत नाही. वजन कमी करणे, रात्रीचे मद्य टाळणे, कुशीवर झोपणे यांची मदत दोन्ही उपचारांना होते.

मशीन नकोसे झाले, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही आणि त्यावर मार्गही निघतो. मास्क गुपचूप कपाटात ठेवला, तर रात्री ती शांतता ऐकण्याची पाळी पुन्हा शेजारी झोपणाऱ्यावर येते.