यंत्राचा आकडा आणि खरे माप



सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका ओतकामाच्या कारखान्यात मजुरी वजनावर मिळत असे. जुना काटा जाऊन तेथे इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि कामगारांच्या हाती पडणारे पैसे घटले. आम्ही तक्रार केली, तेव्हा उत्तर मिळाले, "यंत्र ग्रॅमपर्यंत आकडा दाखवते, ते खोटे कसे बोलेल?" आम्ही सरकारी शिक्क्याची वजने आणून काट्यावर ठेवली. रिकामा काटा शून्य दाखवी. पण १० किलोला ९.९३० आणि २० किलोला १९.८६०! टनामागे सात किलोंची मजुरी बुडत होती. आकडा बारीक होता, परंतु खरा नव्हता. हे दोन गुण वेगळे आहेत, एवढे समजण्यासाठी सातवीत शाळा सुटलेला मी या विद्येच्या मागे लागलो.

वजन, उष्णता, आवाज या अखंड चढत्या-उतरत्या गोष्टी आहेत. संगणकाला मात्र सुटे आकडेच कळतात. म्हणून अखंड विद्युत्दाबाचा आकडा करणारा परिवर्तक लागतो. त्याला एडीसी म्हणतात. आकड्यापासून पुन्हा दाब करणारा तो डीएसी.

एडीसीचा एक फार प्रचलित प्रकार हुबेहूब तराजूसारखा चालतो. एका पारड्यात अज्ञात दाब. दुसऱ्यात प्रथम पूर्ण मापाच्या निम्मे वजन टाकायचे. जड झाले तर काढायचे, नाहीतर ठेवायचे. मग पाव, मग अर्धपाव, असे उतरत जायचे. अशी दहा वजने म्हणजे १० बिट, आणि त्यांतून १,०२४ पायऱ्या. एक बिट वाढला की पायऱ्या दुप्पट. ही वजने टाकण्यासाठी त्याच्या पोटात एक लहानसा डीएसीच बसलेला असतो.

आता निवड कशी करावी? पहिला प्रश्न : किती बारीक फरक ओळखायचा आहे? आर्डुइनो ऊनो आर-३ या पाटीवर १० बिटांचा एडीसी आहे. ५ व्होल्टमध्ये त्याची एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. वजनकाट्यातला लोडसेल मात्र पूर्ण भाराला बहुधा १० मिलिव्होल्टच देतो. म्हणजे १०० किलोंच्या काट्याला जेमतेम दोन पायऱ्या! म्हणून तेथे एचएक्स७११ सारखी चिप घेतात. ती सूक्ष्म दाब १२८ पट वाढवून २४ बिटांत मोजते. परंतु २४ बिट म्हणजे दीड कोटीहून अधिक पायऱ्या, या हिशेबाला भुलू नये. शेवटचे काही बिट विजेच्या गोंगाटातच जातात.

दुसरा प्रश्न : किती वेगाने? एचएक्स७११ सेकंदाला १० किंवा ८० मापे घेते. स्थिर वजनाला ते पुरे, पण आवाजाला काहीच नाही. आवाजाच्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० मापे असतात. कारण माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि माप दुपटीहून अधिक वेगाने घ्यावे लागते. वेग कमी पडला, तर सिनेमात गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते तसा खोटाच स्वर उमटतो. तो मागाहून काढता येत नाही. अतिजलद कंपने एडीसीच्या आधीच गाळावी लागतात.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : तुलनेचे प्रमाण कोणते? एडीसी दाब मोजतो तो एका प्रमाण दाबाशी ताडून. तो ५ व्होल्ट समजलात आणि प्रत्यक्षात ४.८ निघाला, तर प्रत्येक आकडा सुमारे ४ टक्क्यांनी जास्त येईल, मग बिट कितीही असोत. झिजलेल्या वजनाने तोलल्यासारखेच ते.

डीएसीलाही हेच प्रश्न विचारावेत. एमसीपी४७२५ ही १२ बिटांची चिप ५ व्होल्टचे ४,०९६ भाग करते. तिचा दाब पायरीपायरीने बदलतो, म्हणून आवाजासारख्या कामात पुढे गाळणी लागते. आणि मोटर फिरवण्याइतका प्रवाह तिच्यातून निघत नाही, मध्ये वर्धक हवा. दिव्याचा उजेड कमी-जास्त करायचा असेल, तर डीएसी घेऊच नये; वीज झपाट्याने चालू-बंद केली तरी काम भागते.

आमच्या काट्यात दोष कोठे होता? रिकामा असताना शून्य येत होते, अर्थात पासंग नव्हता. चूक वजनाच्या प्रमाणात वाढत होती. म्हणजे एडीसीच्या आकड्याचे किलो करणारा गुणकच चुकीचा बसवला होता. चिप निर्दोष होती. शिक्क्याच्या वजनाने गुणक पुन्हा ठरवला आणि मागील फरक कामगारांना मिळाला.

तेव्हा माझे सांगणे इतकेच : पडद्यावर दशांशचिन्हानंतर किती अंक आहेत हे पाहून मान तुकवू नका. हा आकडा कोणत्या प्रमाणाशी आणि केव्हा ताडून पाहिला, हे विचारा. बारीकपणा बाजारात विकत मिळतो. खरेपणा मात्र दर वेळी तपासूनच घ्यावा लागतो.