दीर्घ उपचार आणि आजारी मुलाचे कुटुंब

बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर व त्यांचे सहकारी यांनी १९४८ साली ल्यूकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांना उतार पडला. परंतु तो तात्पुरता होता. तोवर असे मूल बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावत असे. आता मूल पुन्हा खेळू लागे, जेवू लागे, आणि हे दिवस उसने आहेत हे आईबापांना मात्र ठाऊक असे. मूल डोळ्यांसमोर असतानाच शोकास प्रारंभ होई.

मुलास रोगाचे नाव सांगू नये, अशी त्या काळी वैद्यांची रीत होती. ती दयाबुद्धीचीच होती. पण निष्फळ होती. मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने अमेरिकेतील एका रुग्णालयात अशा मुलांच्या सहवासात राहून केलेले निरीक्षण १९७८ साली ग्रंथरूपाने मांडले. कोणी न सांगताही मुलांना सारे कळत असे. औषधांची नावे, वडीलधाऱ्यांची कुजबुज, शेजारच्या खाटेवरील सोबत्याचे एकाएकी नाहीसे होणे, यांतून ती अर्थ जुळवीत. तरीही ती बोलत नसत, कारण बोलल्यास आई रडते हे त्यांनी पाहिलेले असे. अशा रीतीने आई मुलाला आणि मूल आईला सांभाळीत राही. आणि दोघेही एकाकी पडत.

पुढे चित्र पालटले. या रोगाचा मुलांत सर्वाधिक आढळणारा प्रकार संपन्न देशांत आज दहांपैकी सुमारे नऊ मुलांत बरा होतो. त्यासाठी दोन ते तीन वर्षे उपचार चालतात. तथापि भीती गेली नाही, तिने केवळ जागा बदलली. औषध थांबते तो दिवस आनंदाचा असावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेक आईबापांना त्याच दिवशी आधार सुटल्यासारखे वाटते. पुढे मुलाला साधा ताप आला तरी रात्र जागून निघते. कूचर व ओमॅली यांनी बऱ्या झालेल्या मुलांवरील आपल्या १९८१ च्या ग्रंथास डॅमोक्लिसचे नाव दिले, ते याचसाठी. मराठीत टांगती तलवार म्हणतात ती हीच.

भारतात यात अंतराची भर पडते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात दूरच्या प्रांतांतून मुले येतात. पुष्कळदा आई वा बाप महिनोन्‌महिने शहरात राहतो आणि धाकटी भावंडे गावी आजीपाशी राहतात. ‘माझ्याशी भांडला म्हणून दादा आजारी पडला,’ अशी समजूत लहान मूल मनात धरू शकते. घरी त्याला कोणी विचारले नाही, तर तेही ती बोलून दाखवीत नाही.