एक संगणक, दोन कार्यप्रणाली : व्यवस्था, दक्षता आणि मराठी मजकूर

उद्दिष्टे

या लेखाच्या अभ्यासानंतर आपणास –

• संगणक सुरू होताना कार्यप्रणालीची निवड कशी होते, हे सांगता येईल.
• दोन कार्यप्रणाली शेजारीशेजारी बसविण्यापूर्वी घ्यावयाची दक्षता स्पष्ट करता येईल.
• मराठी मजकूर दोन्हीकडे वाचता येण्यासाठी तो कोणत्या रूपात साठवावा, हे ठरविता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, दूरशिक्षण घेणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याच्या घरी बहुधा एकच संगणक असतो. मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब, शासकीय अर्ज आणि आपला स्वाध्याय ही सारी कामे त्या एकाच यंत्रावर चालतात. अशा यंत्रावर दुसरी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, बसविण्याचा विचार आला की पहिली शंका मनात येते ती ही, की आहे ते सारे पुसले गेले तर?

ही शंका अनाठायी नाही. कार्यप्रणाली बिघडली तर पुन्हा बसविता येते. डिस्क निकामी झाली तर नवी विकत मिळते. परंतु प्रकल्पासाठी आजीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या नाहीशा झाल्या आणि सांगणारी आजीही राहिली नाही, तर त्या कोणत्याही बाजारात मिळणार नाहीत. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा मजकुराला अधिक महत्त्व दिले आहे. रायगड जिल्ह्यातील पोलादपूरसारख्या डोंगराळ, अतिपावसाच्या तालुक्यात राहणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून आपण या विषयाचा विचार करू.

संगणक सुरू होताना काय घडते?

कळ दाबताच प्रथम जागा होतो तो मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला एक छोटा प्रोग्राम. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणतात, नव्या यंत्रांत यूईएफआय. तो यंत्राचे भाग तपासतो, डिस्कवरील बूट लोडर शोधतो आणि ताबा त्याच्याकडे देतो. बूट लोडर कार्यप्रणालीस स्मृतीत आणतो आणि त्यापुढील सर्व व्यवहार कार्यप्रणाली पाहते.

महाडहून मुंबई-गोवा महामार्गाने पोलादपूरला आलेल्या प्रवाशापुढे दोन वाटा असतात. एक कशेडी घाटाने खेड-चिपळूणकडे जाते. दुसरी आंबेनळी घाट चढून प्रतापगडाच्या परिसरातून महाबळेश्वरला पोहोचते. पोलादपूरपर्यंतचा रस्ता दोघींना समान आहे. मात्र एका वेळी एकाच घाटाने जाता येते. दोन कार्यप्रणाली असलेल्या संगणकात बूट लोडर हा असाच फाटा असतो. तो पडद्यावर यादी दाखवितो आणि आपण निवडलेल्या वाटेने संगणक पुढे जातो. वाट बदलावयाची तर पुन्हा फाट्यावर यावे लागते, म्हणजे संगणक बंद करून नव्याने सुरू करावा लागतो.

एका कार्यप्रणालीच्या आत दुसरी चालविण्याची ‘आभासी यंत्र’ नावाची पद्धतही आहे. तीत पुन्हा सुरू करण्याचा खटाटोप नसतो. पण दोन्हींचा भार एकाच वेळी स्मृतीवर पडतो. ४ जीबी रॅमच्या घरगुती संगणकास तो सहसा पेलवत नाही.

दुसऱ्या कार्यप्रणालीची गरज

विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षाविषयक सोय आवश्यक आहे. अनेक जुने संगणक चांगले चालत असूनही या शेवटच्या अटीत बसत नाहीत. सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणारी कार्यप्रणाली इंटरनेटवर वापरणे धोक्याचे असते. दुसरीकडे, विंडोज पूर्णपणे काढून टाकणेही परवडत नाही, कारण श्रीलिपी, आयएसएम यांसारखी मराठी टंकलेखनाची जुनी सॉफ्टवेअर आणि हिशेबाचे टॅली विंडोजवरच चालतात.

येथे लिनक्स उपयोगी पडते. लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला. पुढे जगभरच्या लोकांनी तीत भर घातली. उबंटू आणि लिनक्स मिंट हे तिचे प्रचलित अवतार विनामूल्य मिळतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांना अनुकूल लिनक्स प्रणाली तयार केली असून तीत मराठीचाही समावेश आहे. जुनी कामे विंडोजवर इंटरनेट न जोडता करावीत आणि लेखन, वाचन, पत्रव्यवहार लिनक्सवर करावा, अशी विभागणी घरगुती संगणकास सोयीची ठरते.

डिस्कची वाटणी

दोन कार्यप्रणाली एकाच जागेत नांदू शकत नाहीत. प्रत्येकीस स्वतंत्र विभाग लागतो. ही वाटणी शेतजमिनीच्या पोटहिश्शांसारखी असते. कोणता विभाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो, याची नोंद डिस्कवरील एका तक्त्यात असते. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या तक्त्यात चारच मुख्य विभाग मावतात. जीपीटी या नव्या पद्धतीत ही अडचण नाही. शिवाय तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

समजा, डिस्क ५०० जीबीची आहे आणि त्यांपैकी ३०० जीबी रिकामे आहेत. विंडोजचा विभाग आकसून ६० जीबी लिनक्ससाठी मोकळे करणे पुरेसे होते. शक्य असल्यास तिसरा, सामाईक विभाग ठेवावा. दोन भावांच्या शेतांमधील सामाईक विहिरीप्रमाणे त्याचा उपयोग दोघांना होतो. हा विभाग एनटीएफएस पद्धतीचा असावा, कारण ती विंडोज आणि लिनक्स या दोघांनाही वाचता-लिहिता येते.

पूर्वतयारी

पुढील कामे दिलेल्या क्रमानेच करावीत.

१. प्रती काढणे. सर्व महत्त्वाच्या फाइलींच्या दोन प्रती काढाव्यात. एक बाह्य डिस्कवर घरात ठेवावी. दुसरी घराबाहेर, मुंबईस असलेल्या नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात ठेवावी. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहरात पाणी शिरले आणि महाड-पोलादपूर परिसरात दरडी कोसळल्या. संगणक आणि त्याची प्रत एकाच कपाटात असतील, तर अशा वेळी दोन्ही एकदमच जातात. प्रत काढल्यावर त्यातील दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. न तपासलेल्या प्रतीवर विसंबू नये.

२. विजेची निश्चिती. विभागाचा आकार बदलत असताना वीज गेली, तर त्यातील फाइली निकामी होऊ शकतात. लॅपटॉप पूर्ण भारित करून चार्जरला जोडलेला असावा; टेबलावरच्या संगणकास यूपीएस असावा. वादळी पावसाच्या दिवशी हे काम काढू नये.

३. बिटलॉकरची किल्ली. विंडोजने डिस्क कुलूपबंद केली असल्यास पुनर्प्राप्तीची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. संगणक सुरू होण्याच्या व्यवस्थेत बदल झाल्यास विंडोज ती मागू शकते आणि ती नसल्यास स्वतःच्याच फाइली मालकाला मिळत नाहीत.

४. फास्ट स्टार्टअप बंद करणे. ही सोय चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. अर्धवट निद्रिस्त राहते. त्या अवस्थेत लिनक्समधून तिच्या विभागात काही लिहिले, तर फाइली बिघडू शकतात.

५. जागा मोकळी करणे. विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने विभाग आकसावा. मोकळी जागा तशीच रिकामी सोडावी. नंतर विंडोज एकदा सुरू करून ती नीट चालते, याची खात्री करावी.

६. पेन ड्राइव्ह तयार करणे. लिनक्सची फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. ती साधारण तीन ते सहा जीबीची असल्याने ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. डोंगरातील मंद जोडणीवर फाइल उतरताना अपुरी राहण्याचा संभव असतो. म्हणून संकेतस्थळावर दिलेली तपासणी-संख्या जुळवून पाहावी. या कामात पेन ड्राइव्हवरील आधीचे सर्व पुसले जाते. फाइलींची प्रत त्याच पेन ड्राइव्हवर ठेवलेली नसावी.

प्रत्यक्ष स्थापना

विंडोज आधी आणि लिनक्स नंतर, हा क्रम सोयीचा आहे. लिनक्ससोबत येणारा ‘ग्रब’ हा बूट लोडर सहसा विंडोजची दखल घेऊन तिला यादीत स्थान देतो. विंडोजची स्थापना लिनक्सला असे स्थान देत नाही.

पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर लगेच स्थापना करण्याची गरज नसते. लिनक्स प्रथम पेन ड्राइव्हवरूनच वापरून पाहता येते. त्या वेळी डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, छपाईयंत्र आणि मराठी कळफलक चालतात का, हे तेव्हाच पाहावे. समाधान न झाल्यास पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा. तो पूर्वीसारखाच राहिलेला असतो.

स्थापनेच्या ओघात एका पडद्यावर लिनक्स विंडोजच्या शेजारी बसवायचे की संपूर्ण डिस्क पुसून बसवायचे, असे विचारले जाते. सर्व प्रक्रियेतील निर्णायक क्षण हाच आहे. शेजारी बसविण्याचा पर्याय निवडावा. अंतिम मान्यतेपूर्वी कोणत्या विभागात कोणता बदल होणार, याची यादी दाखविली जाते. ती शब्दशः वाचावी आणि संदेह असल्यास तेथेच थांबावे. तोपर्यंत काहीही बदललेले नसते. त्यानंतरचे मात्र परत फिरविता येत नाही.

मराठी मजकूर दोन्हीकडे वाचता येईल का?

मराठीच्या विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणक मराठी साठवीत नाही. तो रोमन अक्षरे साठवतो आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा पेहराव चढवितो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, तर फाइलीत ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे जातात. लिनक्समध्ये तो फॉन्ट नसल्यास पडद्यावर तीच दिसतात. फाइल सुरक्षित असते, मजकूर मात्र अगम्य होतो.

युनिकोडची गोष्ट वेगळी आहे. त्यात देवनागरीसाठी १२८ स्थानांचा मुख्य गट असून म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी यांना प्रत्येकी स्वतःचा क्रमांक आहे. हे क्रमांक जगभर सारखेच असल्याने फॉन्ट बदलला तरी शब्द बदलत नाही. म्हणून जुन्या फॉन्टमधील लेखन विंडोज चालू असतानाच परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावे. परिवर्तनानंतर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी विशेष काळजीने तपासाव्यात. चुका बहुधा तेथेच राहतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ या शब्दांत एका चिन्हाचा फरक आहे. पण एक डोंगराचा आणि दुसरा समुद्राचा आहे.

टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट हा प्रमाणित कळफलक शिकावा. तो विंडोज आणि लिनक्स या दोहोंत उपलब्ध आहे. ‘दऱ्या’मधील र लिहिण्यासाठी शिफ्टसह जे, नंतर हलन्तासाठी डी आणि मग य, हा क्रम दोन्हीकडे तोच राहतो. बोटांना एकदा वळण लागले, की कार्यप्रणाली बदलल्याने लेखन अडत नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. विंडोजमध्ये मंगल किंवा निर्मला, तर लिनक्समध्ये लोहित किंवा नोटो असे फॉन्ट असतात. रेड हॅट कंपनीने पुरविलेल्या ‘लोहित’चे नाव तांबडा या अर्थाच्या संस्कृत शब्दावरून आले आहे. प्रत्येकाची अक्षररुंदी वेगळी असल्याने तोच स्वाध्याय एकीकडे दहा, तर दुसरीकडे अकरा पाने भरू शकतो. म्हणून सादर करावयाची अंतिम प्रत पीडीएफ रूपात काढावी.

नंतर उद्भवणाऱ्या अडचणी

घड्याळ. विंडोज यंत्रातील घड्याळात स्थानिक वेळ ठेवते. लिनक्स जागतिक प्रमाण वेळ ठेवते. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असल्याने लिनक्सनंतर विंडोज सुरू केल्यास रात्री आठ वाजता दुपारचे अडीच दिसू शकतात. यंत्र बिघडलेले नसते. लिनक्सला स्थानिक वेळ वापरण्याची सूचना दिली, की हा फरक मिटतो.

यादी न दिसणे. विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर कधीकधी संगणक थेट विंडोजमध्येच जातो. लिनक्स सहसा जागेवरच असते. यूईएफआयच्या मांडणीत क्रम बदलून ग्रबला पुन्हा पहिले स्थान द्यावे.

लिनक्स काढून टाकणे. प्रथम विंडोजचा बूट लोडर पहिल्या क्रमांकावर आणावा आणि मगच लिनक्सचा विभाग पुसावा. उलट क्रमाने केल्यास संगणक फाट्यावरच अडून राहतो.

सारांश

दोन कार्यप्रणाली एका संगणकावर नांदतात त्या स्वतंत्र विभागांत, आणि त्यांतील एकीची निवड बूट लोडरद्वारे होते. या व्यवस्थेतील जवळजवळ प्रत्येक चूक दुरुस्त करता येते. अपवाद एकच, प्रत न काढलेल्या मजकुराचा. मराठी मजकुराला दुहेरी संरक्षण लागते. त्याची प्रत घराबाहेर असावी आणि तो युनिकोडमध्ये असावा. प्रत नसेल तर मजकूर नष्ट होतो. युनिकोड नसेल तर तो हाताशी असूनही वाचता येत नाही. ही दोन कामे पूर्ण झाली, की उरलेले काम निश्चिंतपणे हाती घेता येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. बूट लोडरचे कार्य आपल्या परिसरातील एखाद्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. फास्ट स्टार्टअप बंद का करावे?
३. जुन्या फॉन्टमधील मजकूर आणि युनिकोड मजकूर यांतील भेद ‘मराठी’ या शब्दाच्या आधारे सांगा.
४. आपल्या संगणकावरील पाच जुन्या मराठी फाइली निवडा. त्यांपैकी किती युनिकोडमध्ये आहेत, ते तपासून नोंद करा.