ताऱ्याचा जन्म थंडींत होतो

माघांतील निरभ्र रात्रीं मृग नक्षत्राच्या पोटांत रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण कोणासही ओळखतां येतो. त्याच्या दक्षिणेस मंद तारकांची एक लहानशी ओळ असून तिच्या मधोमध एक धूसर ठिपका दिसतो. तो वायूचा प्रचंड मेघ होय. आपणांपासून सुमारें १,३५० प्रकाशवर्षें दूर.

हा झळकणारा मेघ म्हणजेच ताऱ्यांचें जन्मस्थान, असें पुष्कळांस वाटतें. तें तितकेंसें खरें नव्हे. त्याची झळाळी आधींच जन्मलेल्या तरुण ताऱ्यांनीं दिलेली आहे. नवे तारे घडतात ते त्याच्या मागील काळोख्या मेघासारख्या ठिकाणीं. अशा मेघांतील दाट भागांचें उष्णमान बहुधा शून्याखालीं २६० अंशांच्या आसपास असतें.

अग्नीच्या गोळ्यास जन्मण्यासाठीं एवढी थंडी कां लागावी? वायूच्या कणांची धांव मेघास फुगवूं पाहते. त्याचेंच गुरुत्वाकर्षण त्यास आंत ओढतें. मेघ थंड व दाट असेल तर गुरुत्वाकर्षणाची सरशी होते व तो स्वतःच्या भारानें कोसळूं लागतो. हा हिशेब जेम्स जीन्स यांनीं १९०२ सालीं मांडला.

पण सायकलच्या पंपांत हवा दाबली कीं पंप तापतो. मग दाबला जाणारा मेघ तापून पुन्हां फुगत कसा नाहीं? सारी मेख येथेंच आहे. आरंभीं मेघ इतका विरळ असतो कीं त्यांतील रेणू व धूलिकण ती उष्णता किरणरूपानें बाहेर टाकूं शकतात. मेघ थंडच राहतो आणि कोसळत जातो. पुढें गाभा दाट झाला म्हणजे ही वाट बंद होते. उष्णता कोंडते, आकुंचन मंदावतें व ताऱ्याचा गर्भ तयार होतो. भोंवतालचा वायू फिरत फिरत चकतीच्या रूपानें त्यावर पडत राहतो. उरलेल्या चकतींतून ग्रह होऊं शकतात. अखेर गाभा सुमारें एक कोटी अंशांपर्यंत तापला कीं हायड्रोजनचें हेलियम होऊं लागतें. सूर्याएवढ्या ताऱ्यास येथवर येण्यास कांहीं कोटी वर्षें लागतात.

काळ्या मेघांस पूर्वीं आकाशांतील भोकें समजत. वर्गांत मीही ‘तेथें कांहीं नाहीं’ असें सांगून पुढें जात असें! त्यांतील लहान, वाटोळे मेघ ताऱ्यांचीं गर्भस्थानें असावींत, असें बार्ट बोक यांनीं १९४७ सालीं सुचविलें. धुळींतून साधा प्रकाश बाहेर येत नाहीं, म्हणून पुराव्यास विलंब लागला. १९९० सालीं अवरक्त किरणांच्या साहाय्यानें अशा कांहीं मेघांच्या पोटांत कोवळे तारे आढळले. सर्वच मेघ मात्र तेथवर पोंचलेले नाहींत. भुजंगधारी नक्षत्रांतील बर्नार्ड ६८ हा मेघ सुमारें अर्धें प्रकाशवर्ष रुंद असून काजळासारखा काळा आहे. त्याच्या पोटांत अद्याप एकही तारा नाहीं.