हातगुण आणि वाणी

औंधास यमाईच्या डोंगराकडे जाताना श्रीभवानी संग्रहालयाची इमारत लागते. १९३८ मध्ये हे संग्रहालय उभारणारे संस्थानाधिपती कै. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही होते. हात आणि वाणी ह्या दोन्ही देणग्या एकाच पुरुषाच्या ठिकाणी नांदत होत्या. परंतु असा योग विरळा. कोणाचा हात बोलतो व जीभ अडखळते. कोणाची जीभ धावते व हात थबकतो. ईश्वराने सर्वांस सर्व काही दिलेले नाही, आणि म्हणूनच माणसास माणसाची गरज लागते.

हा विचार मनात येण्यास एक कारण घडले. एका पालकांनी आम्हांस विचारले, "सर, पोरगा हुशार आहे, हाताचा नेटका आहे. पण चार वाक्ये सलग बोलवत नाहीत त्याला. मोठा होऊन ऑपरेशन करणारा डॉक्टर होईन म्हणतो. लोक हसणार नाहीत का?" आम्ही त्या वेळी "होईल हळूहळू सुधारणा" एवढेच म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर आमचे आम्हांसच पुरेसे वाटले नाही. ज्याचे हात कुशल आहेत परंतु ज्यास चारचौघांशी बोलणे कठीण जाते, असा तरुण शस्त्रवैद्य रुग्णालयात कामास लागला तर काय होईल, ह्याचा थोडा विस्ताराने विचार ह्या लेखात करण्याचे योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, बोलण्याची अडचण ही एकाच प्रकारची नसते. एक प्रकार अडखळण्याचा. लहानपणी शेकडा सुमारे ५ मुले काही काळ अडखळतात. त्यांतील बहुतेकांची अडचण वय वाढेल तशी जाते, आणि प्रौढांत हे प्रमाण शेकडा १ च्या आसपास उरते. अडखळणारा मुलगा भित्रा किंवा मंदबुद्धी असतो, ही समजूत निखालस चुकीची आहे. ह्या अडचणीचे मूळ मेंदूतील वाक्‌क्रियेच्या घडणीत असते आणि पुष्कळदा ते आनुवंशिक असते. एक चमत्कार पाहण्यासारखा आहे. असाच मुलगा आरतीत किंवा प्रार्थनागीतात सर्वांबरोबर सूर मिळवितो, तेव्हा बहुधा मुळीच अडखळत नाही. शब्द त्याच्यापाशी असतात; एकट्याने ते बाहेर काढताना मात्र वाट अडते.

दुसरा प्रकार स्वमग्नतेचा. लिओ कॅनर ह्या वैद्याने १९४३ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. स्वमग्न व्यक्तीस शब्द येत असले तरी शब्दांमागचा इशारा, चेहऱ्यावरची छटा, थट्टेतील खोच ही चटकन उमगत नाहीत. दुसऱ्याच्या डोळ्यांस डोळा देणे तिला जड जाते. गोंगाट व झगझगीत प्रकाश ह्यांचा त्रास होतो. उलट एखाद्या विषयाच्या बारीकसारीक तपशिलात तिचे मन तासन्‌तास रमू शकते. प्रत्येक स्वमग्न मुलास काही अलौकिक बुद्धी असते असे मात्र नव्हे. इतर मुलांप्रमाणेच त्यांच्यातही नाना तऱ्हा असतात. नाटके व चित्रपट ह्यांनी जी एक ठरीव प्रतिमा रंगविली आहे, तिच्यावर विसंबून राहू नये.

आता इतिहासातील एक उदाहरण पाहू. जॉन हंटर हा १७२८ मध्ये स्कॉटलंडात जन्मला. शाळेत त्याचे मन रमले नाही व पुस्तकी विद्या त्यास कधी फारशी साधली नाही. १७४८ मध्ये तो लंडनास आपल्या वडील बंधूकडे, विल्यमकडे, गेला. विल्यम हा नावाजलेला वक्ता व शरीरशास्त्राचा अध्यापक. धाकट्या भावास त्याने शवविच्छेदनाच्या कामास लाविले, आणि थोड्याच दिवसांत जॉनच्या हातातील कौशल्य सर्वांच्या नजरेत भरले. पुढे १७६८ मध्ये तो सेंट जॉर्जेस रुग्णालयात शस्त्रवैद्य म्हणून निवडला गेला. गुडघ्यामागील धमनी फुगून जीव धोक्यात आला म्हणजे पुष्कळदा पाय कापण्यावाचून गत्यंतर नसे. १७८५ मध्ये हंटरने मांडीत वरच्या बाजूस ती धमनी बांधली आणि एका गाडीवानाचा पाय वाचविला. रक्तास अन्य वाटांनी खाली जाता येते, हे त्याने निरीक्षणाने ताडले होते.

परंतु हाच हंटर व्याख्यानास उभा राहावयाचा म्हणजे घाबरा होई. व्याख्यानमालेच्या आरंभी मन स्थिर राहावे म्हणून तो अफूच्या अर्काचे थेंब घेत असे, असे त्याच्या निकटवर्तीयाने लिहून ठेविले आहे. तो कागद समोर धरून वाची. ऐकणाऱ्यांस ते रूक्ष वाटे. तरीही देवीची लस शोधणारा एडवर्ड जेन्नर त्याचाच शिष्य होता. जे शिष्य त्याच्या बोलण्यापाशी न थांबता त्याचे हात आणि त्याचे प्रश्न पाहत राहिले, त्यांनी सोने लुटून नेले.

ह्या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हंटरचा स्वभाव तापट होता. सख्ख्या भावाशीही त्याचे बिनसले. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या सभेत खटका उडाला, तो संतापून बाहेर पडला आणि थोड्याच वेळात मरण पावला. हृदयविकार त्यास आधीपासून होताच. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसास आजच्या विकाराचे नाव चिकटविणे योग्य होणार नाही. एवढे मात्र खरे की, ज्या हाताने धमनी बांधली त्याच्या धन्यास सहकाऱ्यांशी संवाद कधी नीट बांधता आला नाही, आणि त्याची किंमत त्यास मोजावी लागली.

तेव्हा "हात चांगला असला म्हणजे झाले, बोलण्याचे काय एवढे?" असे म्हणून चालेल काय? नाही. आपण डॉक्टरांच्या हातगुणाची वाखाणणी करितो; परंतु "त्यांच्याशी बोलूनच अर्धा आजार गेला" असेही आपणच म्हणतो. शस्त्रवैद्याचे काम सुरी चालविण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. रोग्याची हकीकत ऐकावयाची, धोका समजावून सांगावयाचा, त्याची संमती घ्यावयाची. शस्त्रक्रियागृहात तर तो एकटा नसतोच. भूल देणारे डॉक्टर, परिचारिका, मदतनीस ह्या सर्वांस एकमेकांचे मनोगत वेळेवर कळावे लागते. रक्त टिपण्याच्या पट्ट्या किती आत गेल्या व किती बाहेर आल्या, हे मोजून मोठ्याने सांगावे लागते. येथे एक न बोललेला शब्द प्राणावर बेतू शकतो.

ही गोष्ट ओळखून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासयादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रोगी बाहेर नेण्यापूर्वी असे तीन वेळा सर्वांनी थांबावयाचे व ठरलेले प्रश्न विचारावयाचे. रोगी कोण, शस्त्रक्रिया कोणती, बाजू डावी की उजवी. प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावयाचे. दिल्लीसह ८ शहरांतील ८ रुग्णालयांत ही पद्धत वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे इतरत्र झालेल्या सर्वच पाहण्यांत एवढा फरक आढळला नाही. यादी नुसती भिंतीवर टांगून काम होत नाही, हे उघडच आहे. तथापि आमच्या विषयाच्या दृष्टीने तिचे मर्म निराळे आहे. जेथे काय बोलावयाचे व केव्हा बोलावयाचे हे आधी ठरलेले असते, तेथे इशारे न उमगणाऱ्यास वाट सापडते आणि अडखळणाऱ्याची बाकीचे वाट पाहतात. जी शिस्त रोग्याच्या हिताची, तीच मितभाषी शस्त्रवैद्याच्याही सोयीची.

आपल्या भागातलेच एक उदाहरण घ्या. मिरजेस १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू करणारे डॉ. विल्यम वॉनलेस हे मूळचे कॅनडातील. १८८९ मध्ये ते हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांच्या हाती विद्या होती. परंतु येथील शेतकऱ्याच्या पोटदुखीची कथा मराठीत होती. "कळ येते", "चमक भरते", "मळमळते" ह्यांतला भेद परदेशी कोशातून कसा कळावा? अशा वैद्यास भाषा शिकावी लागते, आणि ती अंगवळणी पडेपर्यंत जवळच्या माणसांनी त्याची जीभ व्हावे लागते. त्यांची अडचण परभाषेची होती, वाचेची किंवा स्वभावाची नव्हती, हे आम्ही जाणतो. तरी शिकवण तीच: दरी दोन्ही काठांकडून बुजवावी लागते.

आपल्या देशातील कायद्यानेही आता हा विचार मान्य केला आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात ७ प्रकार गणले होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले, आणि त्यांत स्वमग्नता तसेच वाणी व भाषा ह्यांच्या अडचणी समाविष्ट झाल्या. तरीही वैद्यकीय प्रवेशाचा नियम असा होता की, वाणीचा दोष शेकडा ४० किंवा अधिक असल्यास तो विद्यार्थी अपात्र. महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याचा दोष शेकडा ४० हून थोडा अधिक ठरला व त्याची वाट बंद झाली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने दिल्लीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांकडून त्याची प्रत्यक्ष तपासणी करविली; तो हे शिक्षण घेऊ शकतो असे त्यांनी सांगितले आणि त्यास प्रवेश मिळाला. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालपत्रात न्यायालयाने स्पष्ट केले की, केवळ आकड्यावरून कोणास अपात्र ठरवू नये. तो काय करू शकतो हे पाहावे आणि नकार द्यावयाचा असल्यास कारणे द्यावीत. तो विद्यार्थी पुढे शस्त्रवैद्य होईल की आणखी काही, हे काळच ठरवील. दार मात्र त्याने आपल्यामागून येणाऱ्यांसाठीही उघडले. दुसऱ्या अंगाने, २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात रोग्याशी संवाद कसा साधावा ह्याचे रीतसर शिक्षण सर्वांनाच दिले जाऊ लागले. म्हणजे संवाद ही केवळ जन्मजात देणगी नसून शिकण्याजोगी विद्या आहे, हे ठरले.

पवित्र शास्त्रातील मोशेची कथा आपणांस ठाऊक आहे. लोकांस दास्यातून सोडविण्याची आज्ञा झाली, तेव्हा आपण जड जिभेचे आहोत अशी सबब त्याने सांगितली. देवाने त्याची जीभ पालटली नाही आणि त्यास कामातून मोकळेही केले नाही. त्याने अहरोन ह्या भावास त्याच्या सोबतीस दिले. ह्या कथेतील मर्म आम्हांस फार मोलाचे वाटते. अडचण असलेल्या माणसास कामावरून दूर करणे हा एक मार्ग. त्याच्या शेजारी अहरोन उभा करणे हा दुसरा.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गातही असा एखादा सोबती असेल. त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. त्यास ते पुरे करू द्या. तो बोलत असता घड्याळाकडे पाहू नका, व त्याची नक्कल तर कधीही करू नका. जो इशाऱ्याने समजत नाही, त्यास सरळ शब्दांत सांगा. आणि ज्या मुलास स्वतःसच ही अडचण आहे त्याने लिहून दाखवावे, आकृती काढून दाखवावी, तज्ज्ञांकडे जाऊन वाचेचा अभ्यास करावा. परंतु संवाद टाळू नये. रुग्णालयात "मला समजले नाही" व "मला मदत हवी" ही दोन वाक्ये तरी प्रत्येकास म्हणता आलीच पाहिजेत, मग ती कितीही सावकाश का येईनात.

पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाची परीक्षा त्याच्या जिभेच्या वेगावरून करू नये. लहान वयात अडखळणे लांबले तर "आपोआप जाईल" म्हणून न थांबता वाचाउपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

ज्या गृहस्थांस आम्ही त्या दिवशी अर्धेच उत्तर दिले, त्यांस आता पुरे देतो. काका, काही लोक हसतील, हे खरे. परंतु शस्त्रक्रियेच्या मेजावर निजलेला रोगी हसणार नाही. तो फक्त एवढेच पाहील की, आपल्यावर वाकलेला माणूस कुशल आहे काय, खरे सांगणारा आहे काय, आणि न कळल्यास दुसऱ्यास विचारणारा आहे काय. ह्या तिन्ही गोष्टी आपल्या मुलास शिकता येतील. त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्यास शिकणे, हे मात्र आम्हां सर्वांचे काम आहे.