डॉक्टर वॉटसनचा निरोप

"अहो, इकडे या बघू! कॉम्प्युटर पोस्टमॉर्टेम म्हणतोय!"

२००६ सालच्या श्रावणातली गोष्ट. शहापुरातल्या आमच्या घरी विंडोज एक्सपीचा संगणक येऊन वर्ष झालं होतं. सौ.ची हाक ऐकून गेलो, तर पडद्यावर चौकट: 'डॉक्टर वॉटसन पोस्टमॉर्टेम डीबगर'ला अडचण आली आहे, तो बंद करावा लागेल. चौकट बंद केली की खालची पट्टी क्षणभर नाहीशी व्हायची, परत यायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. हा डॉक्टर आम्ही कधी बोलावलाच नव्हता.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्या पोरानं निकाल लावला, "व्हायरस आहे काका, फॉरमॅट मारूया."

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं. आणि आत 'आई' नावाचं फोल्डर होतं. आई २००५ मध्ये गेली. त्याआधीच्या दिवाळीत म्हापशाच्या भावोजींनी डिजिटल कॅमेऱ्यावर तिच्या जात्यावरच्या ओव्यांचे चार तुकडे टिपले होते. कॅमेऱ्यातले केव्हाच पुसले गेले. उरले ते आमच्याकडेच.

"चार दिवस थांब बाबा," मी म्हटलं.

वॉटसन व्हायरस नाही, विंडोजबरोबरच येतो, हे ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं. नाव शेरलॉक होम्सच्या मित्राचं. एखादा प्रोग्रॅम कोसळला की तो कसा कोसळला याची नोंद करणं, एवढंच त्याचं काम. म्हणजे पंचनामा लिहिणाऱ्यालाच आपण चोर समजत होतो! 'रन'मध्ये 'डीआरडब्ल्यूटीएसएन३२' टाइप केलं की त्याची खिडकी उघडते. खाली कोसळलेल्या प्रोग्रॅमांची यादी असते. आमच्या यादीत एकच नाव पुन्हा पुन्हा: एक्सप्लोरर. फोल्डर उघडून दाखवणारा तो हाच.

मग वहीत वेळा लिहायला घेतल्या. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, चौकट येते ती 'आई' फोल्डर उघडल्यावरच. फोल्डर उघडताच एक्सप्लोरर प्रत्येक चित्रफितीत डोकावतो, तिचं छोटं चित्र दाखवायला. चौथा तुकडा कॉपी होत असताना लाईट गेली होती, हे तेव्हा आठवलं. तो अर्धवट राहिला होता, आणि त्यात डोकावताना एक्सप्लोरर पडत होता.

आता फोल्डर न उघडता फाईली बाहेर काढायच्या कशा? काळ्या पडद्याचा 'कमांड प्रॉम्प्ट' चित्रं दाखवत बसत नाही. तिथून 'कॉपी' आज्ञेनं पहिले तीन तुकडे दुसऱ्या ड्राइव्हवर नेले. एकेक नाव टाइप करताना हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. मग दोन सीड्या केल्या, एक अक्कासाठी म्हापशाला. चौथी फाईल वेगळ्या फोल्डरात हलवली आणि चौकट थांबली. दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला, "काका, तुमचं नशीब." असेल. मी वही दाखवली नाही.

पुढच्या विंडोजमधून वॉटसन गेला. तो संगणकही भंगारात गेला. चौथा तुकडा मात्र जपून ठेवला होता. बऱ्याच वर्षांनी मुलानं तो व्हीएलसी प्लेअरमध्ये लावला. प्लेअरनं फाईलीची तुटकी अनुक्रमणिका नव्यानं बांधली, आणि आई दिसली. जात्यात मूठभर दाणे टाकते, पदर सावरते, भावोजींकडे बघून हसते, तोंड उघडते, आणि लाईट जाते.