विलायती बिअर आणि पुण्याची ताजी बिअर

बोहेमियातील पिल्सेन नगरीत १८४२ साली जी सोनेरी, पारदर्शक बिअर प्रथम तयार झाली आणि जिने पुढे साऱ्या जगावर अंमल बसविला, तीच बिअर जहाजातून, जकातीतून आणि वखारीच्या उष्म्यातून आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा प्राणवायूच्या संसर्गाने हॉप्सच्या फुलांचा सुगंध मावळून तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. हिरव्या बाटलीत ऊन शिरले, तर दुर्गंध निराळाच. याउलट, पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या डुलाली या छोट्या ब्रुअरीसारख्या ठिकाणी गव्हाची बिअर टाकीतून थेट पेल्यात उतरते आणि यीस्टने निर्मिलेला केळी-लवंगेचा गंध अक्षुण्ण राहतो. अशा सौम्य बिअरच्या बाबतीत मी निःसंकोच स्थानिकांचा पक्ष घेईन. बेल्जियममधील ट्रॅपिस्ट मठांच्या गडद, कडक बिअरची गोष्ट मात्र वेगळी, कारण बाटलीतील जिवंत यीस्ट तिला वर्षानुवर्षे परिपक्व करीत असते.